गीझरची जुनी कॉइल
नोव्हेंबरातला रविवार होता, गीझरच्या नव्या कॉइलचे साडेपाचशे रुपये ठरले होते आणि नवीन पनवेलच्या आमच्या घरात मी, मुलगी आणि इलेक्ट्रिशियन असे तिघेच होतो. दुसऱ्या दिवशी मुलीची भूशास्त्राच्या प्रवेशाची मुलाखत होती, म्हणून मॉलिब्डेनम हा धातू खडकात कसा साठतो ते ती मला समजावून सांगून बघत होती. "बाबा, जमिनीत खोलवर वितळलेला खडक थिजताना त्यातलं कढत पाणी धातू घेऊन सुटतं, दाबानं आजूबाजूचा खडक तडकतो आणि धातू त्या भेगांत बसतो." मला काही उमजेना. "पण पाण्यात धातू मावतोच कसा?" मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती रडवेली झाली. "तुम्हालाच पटत नाही, तर उद्या त्यांना काय सांगू?" तेवढ्यात इलेक्ट्रिशियननं कॉइल बाहेर काढली. ओल्या चुन्याचा वास सुटला. कॉइलवर बोटभर पांढरा थर होता. "बघा शेठ, तुमच्या बोअरचं पाणी!" मी म्हणालो, "म्हणजे असंच का? पण हा थर पाणी तापल्यावर धरतो, आणि तुझा धातू?" "पाणी निवल्यावर!" ती ओरडली. "बाबा, अगदी उलट! उद्या हेच दाखवते." तिनं कॉइल उचलली. "ताई, जुना माल आमचा असतो," तो म्हणाला, "तांबं असतं त्यात." आज ती कॉइल तिच्या हॉस्टेलवर दगडांशेजारी आहे. पाणी एक गोष्ट तापून सोडतं आणि दुसरी निवून, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. त्या दिवशी इलेक्ट्रिशियनला नव्या कॉइलचे साडेपाचशे दिले, आणि आमच्याच जुन्या कॉइलचे चाळीस.