शामूदादाची गणपतीची ड्यूटी

चतुर्थीच्या पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही शिफ्टपुढे चार्टवर एकच नाव होतं: शामुवेल. आणि आदल्या दिवशी, हरतालिकेच्या सकाळी, शामुवेल हार्ट अटॅकने गेला. मॅनेजरसाहेबांनी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "मग उद्या बॉयलर कोण चालवणार?"

मला संताप आला. पण प्रश्न बरोबर होता. आणखी वाईट म्हणजे, तोच प्रश्न माझ्याही डोक्यात आला होता.

रोह्याच्या एमआयडीसीतली आमची केमिकल कंपनी. मी युटिलिटी इनचार्ज, म्हणजे वाफ, पाणी, हवा पुरवणारा माणूस. बॉयलर वाफ तयार करतो. ती बंद पडली तर प्लांटमधला माल भांड्यातच गोठतो. म्हणून सणवार काही असो, बॉयलर चालू, आणि समोर सर्टिफिकेटवाला ऑपरेटर हजर. गेज ग्लास नावाच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, तिच्यावरून नजर काढायची नाही. पाणी आटलं आणि लक्ष गेलं नाही, तर बॉयलर फुटतो.

असे ऑपरेटर चार. तिघांच्या घरी गणपती. चौथा शामुवेल, आमचा शामूदादा, ख्रिस्ती. त्याने पहिल्याच वर्षी सौदा केला होता. रविवारची सकाळ मला उपासनेला सोडा, गणपतीला दोन्ही शिफ्ट मी खेचतो. सव्वीस वर्षं त्याने त्या खेचल्या. आम्हाला इतकी सवय झाली की आभार मानायचंही कुणाला सुचेना.

तो त्यांच्या मंडळीचा वडील होता. मंडळी म्हणजे चर्चची माणसं आणि वडील म्हणजे त्यांचा कारभार बघणारा जाणता. इथे मात्र त्याचा कारभार जगावर चालायचा. कुणाच्या पोरीची दहावी कधी, कुणाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का, सगळं पाठ. नाइट करून घरी गेला की न झोपता दोन्ही मुलींना सायकलवरून शाळेत सोडायचा, आणि वेण्यासुद्धा तोच घालायचा. एकदा धाकटीच्या वेणीला रिबिनीऐवजी पाइपच्या जोडाला गुंडाळायची आमची पांढरी टेफ्लॉन टेप बांधली. वहिनींनी महिनाभर त्याची पिसं काढली. तो म्हणायचा, "बॉयलरचं पाणी नि घरच्यांची विचारपूस, कमी पडू द्यायची नाय."

दुपारपर्यंत तिघांचेही फोन आले. शामूदादाची ड्यूटी मी करतो, म्हणाले. सव्वीस वर्षांत एकानेही असा फोन केला नव्हता! मी तिघांना झापलं. म्हटलं, ड्यूटी मी करतो, सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे. तुम्ही त्याला पोचवायला जा.

यावर तिघांनीही "बघतो" म्हणून फोन ठेवला. का, ते मलाही माहीत होतं. घरात गणपती बसलेला असताना मयताला जायचं, हे आमच्याकडे घरचे चालू देत नाहीत.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. दोन्ही मुली आणि जावई आले होते. मंडळीची घरं जेमतेम दहा, त्यात म्हातारेच जास्त. खांद्याला माणसं कुठून आणायची, या काळजीत पाळक बसले होते. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. विधी सकाळी दहाला ठरत होता.

वहिनी मध्येच म्हणाल्या, "दहाला नको. कंपनीतल्या माणसांच्या पूजा दुपारपर्यंत आटपतात. चारला ठेवा. ज्याला जमंल तो येईल, नाय जमलं त्याच्यावर राग नाय."

मला तिथे बसवेना. घरी पेणला फोन केला आणि भावाला सांगितलं, गणपती तू बसव.

चतुर्थीला सकाळी सातला बॉयलरसमोर उभा राहिलो. पंधरा वर्षांनी. पहिला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो ते दोनदा बघून घेतलं, कबूल करतो. चार वाजले. माझे डोळे काचेच्या नळीवर होते आणि जीव सगळा तिकडे. कुणी गेलं असेल का? सव्वीस वर्षांच्या दोस्ताला मी माती देऊ शकलो नाही, याचं वाईट वाटलं, आजही वाटतं.

साडेसहाला म्हात्रे आला. आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर. डोकं ओलं, नवा झब्बा, खांद्यावर पिळलेला टॉवेल.

त्याने सांगितलं ते असं. त्याची म्हातारी आई घरातल्या सोवळ्याओवळ्याचं हायकोर्ट. तिला विचारायची छाती होईना, म्हणून हा आरतीनंतर नुसताच दारात घुटमळत होता. शेवटी तीच म्हणाली, "ज्याच्यापायी तू दरसाल आरतीला उभा रायलास, त्याला पोचवायला गेलास तर गणपती रागवंल व्हय रं? जा. येताना आंघोळ करून ये."

तो गेला. तिथे बाकीचे दोघे आधीच उभे होते. प्लांटमधले, रिटायर झालेले, कॅन्टीनवाला, सगळे धरून तेरा जण. पेटी शेवटपर्यंत खाली टेकू दिली नाही.

"आणि आंघोळ?" मी विचारलं.

म्हात्रे हसायला लागला. माती देऊन झाल्यावर वहिनींनी सगळ्यांना थांबवलं. चर्चच्या मागे चूल पेटवून पाणी तापवलेलं होतं. बादल्या, साबण, मंडळीच्या घराघरांतून गोळा केलेले टॉवेल. म्हणाल्या, आंघोळीबिगर तुम्हाला कोण घरात घेणार नाय, मला ठावं हाय. मग चर्चच्या परसात तेरा बाप्ये चड्डीवर बसले आणि पाळकसाहेब स्वतः तांब्याने एकेकाच्या डोक्यावर पाणी ओतत होते. कॅन्टीनवाला ओरडला, पाणी फार कडक आहे. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा वहिनी हसल्या.

म्हात्रे माझ्या जागी उभा राहिला. "जावा साहेब. वहिनींच्या अंगणात बारा टॉवेल वाळत घातलेत, हा तेरावा घेऊन जावा."

मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, एका माणसावर चार्ट उभा करू नये. बरोबर आहे. आता गणपतीच्या दोन शिफ्ट आम्ही चौघांत चार-चार तासांनी वाटतो. दरवर्षी भांडणं होतात, आणि दरवर्षी कुणीतरी पाच मिनिटं उशिरा येतंच. शामूदादा सव्वीस वर्षांत कधी उशिरा आला नव्हता.