राखेतलं बियाणं

परवा नागपूरला एका रोपवाटिकेत गुलाबाचं कलम घ्यायला गेलो होतो. कोपऱ्यात कमरेइतकं एक झुडूप होतं. इवल्या लाल भोपळ्यांसारखी, खाचाखाचांची फळं त्याला लगडली होती. एक पान चुरगळून हुंगलं. राळेसारखा, नाकाला किंचित टोचणारा वास. मालक म्हणाला, "न्या साहेब, आपल्याकडे सहसा मिळत नाही." मी नको म्हणालो आणि बाहेर आलो. गुलाबही राहूनच गेला.

हे झुडूप मी पहिल्यांदा पाहिलं ते केरळात, कॉलेजच्या सहलीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठेही गेलो की घरी काहीतरी न्यावं असं सारखं वाटे, कारण मला पाठवणाऱ्यांनी स्वतः सौंसरच्या बाजारापलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. ती आंबटगोड फळं खाल्ली आणि सात बिया रुमालात बांधून गावी आणल्या. माय अंगणात अंबाडी निवडत बसली होती. तिच्या ओंजळीत बिया ठेवून म्हणालो, "असं झाड साऱ्या तालुक्यात नाही, माय." दुसऱ्या दिवशी परीक्षेसाठी बसने परतलो.

मायला अक्षरओळख नव्हती, पण बियाणं ती नुसत्या बोटांनी ओळखे. दोडका, वाल, काकडी, भोपळा. पेरणीच्या तोंडावर गल्लीतल्या बाया तिच्याकडेच येत. कोणतं बी किती दिवस उन्हात ठेवायचं, कोणतं सावलीत, दाताखाली कसं वाजलं की पुरे झालं, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं होतं. माझ्या सात बियाही तिने तशाच जपल्या. चैत्राच्या उन्हात सुपात कडक वाळवल्या, राखेत घोळवल्या, गाडग्यात भरून तोंड शेणाने लिंपलं. मृगात परसात पेरल्या आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून भोवती काट्या रोवल्या.

काहीच उगवलं नाही. मी सुट्टीत होतो तेव्हा शेजारची काकू कुंपणावरून रोज विचारी, "काय वं, निंगालं का तुह्या पोराचं केरळ?"

"निंगन वं. दुरून आलं बिचारं, मातीची ओयख तं होऊ दे," माय हसून म्हणे आणि तांब्याभर पाणी घाली.

दिवाळीच्या आधी वर्गात प्राध्यापकांनी सहज सांगितलं, की काही उष्ण प्रदेशांतल्या फळांची बी ओली असतानाच पेरावी लागते. वाळली की संपली. दिवाळीला घरी गेलो, तर माय अजून तिथे पाणी घालत होती.

"नको घालू, माय. मेलं ते. तू उन्हात टाकलं तेव्हाच मेलं."

"वाळवल्यानं बी मरते?"

"हो. तसं शास्त्रच आहे."

तिने तांब्या खाली ठेवला. "मंग मीच मारलं म्हण."

मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. हात धुऊन फराळाला बसलो. केरळातल्या त्या बागेच्या माळ्याने बियांचा ओला रुमाल सुकू देऊ नका म्हणून बजावलं होतं आणि ते मी घरी सांगितलंच नव्हतं, हे आठवायलाही मला पुढे काही वर्षं लागली.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोडक्याच्या बियांचं सूप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबू, हे वाळवू का नको?"

मला वाटलं, टोमणा मारून राहिली. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"तुला माहीत आहे ना, माय."

"माहीत हाय असं वाटे मले."

मग वालाचं विचारलं, मग भोपळ्याचं. काकू बी मागायला आली, तर माय म्हणाली, "पोराले विचारून सांगीन." काकूने दोन-तीनदा वाट पाहिली आणि सौंसरच्या दुकानातून बियाण्याचं पाकीट आणलं. हळूहळू बाकीच्या बायाही तिकडेच वळल्या. मला त्या बियांतलं काहीच कळत नव्हतं. पण तसं कबूल करणं पदवीला शोभत नाही असं वाटून मी अंदाजाने काहीबाही सांगत राहिलो, आणि ती तसं करत राहिली.

त्यानंतर माय अठरा वर्षं होती. त्या अठरा वर्षांत ती मला विचारत गेली. मी मात्र तिला एकदाही काही विचारलं नाही.