अर्ध्या ओळीची जागा

तुमच्या घरातला सगळ्यात ओळखीचा आवाज पुढच्या आठवड्यात कायमचा बंद होणार आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर तो तुम्ही कशात भरून ठेवाल?

मला हा प्रश्न सरकारी दवाखान्याच्या जिन्यात पडला. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की मायच्या घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, सोमवारी भरती व्हा, त्याच दिवशी ऑपरेशन करू. जीव वाचेल, म्हणाले. "आणि आवाज?" मी विचारलं. पुढे शिकवून, यंत्र लावून थोडंफार बोलता येतं, पण हा आवाज राहणार नाही, ते म्हणाले. मायला त्यांनी विचारलं, मिश्री लावता का? ती लावायची. रंगाच्या वाफेत किती वर्षं उभ्या होतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. आम्ही राहतो त्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड ओलं, गरम, वाफा सोडत बाहेर येतं आणि त्याच्या घड्या बाया घालतात. कागदावर मिश्री लिहिली गेली. वाफ लिहिली गेली नाही.

जिन्यात मी रडत होते. मायने बसक्या आवाजात विचारलं, "कसाले रडस? घसा मना जाई ऱ्हायना, तू तं बोलशीच!"

रिक्षात बसेपर्यंत मी ठरवलं होतं की मायचं गाणं रेकॉर्ड करायचं.

आमच्या घरात पुस्तकं फार उशिरा आली. आधी आली पत्रकं. बाबा सचिन औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कारखान्यातून येताना खिशात घडी करून आणायचे. पाळी आठ तासांची करा, ओव्हरटाइम दुप्पट द्या, जयंतीच्या मिरवणुकीला या. गुलाबी, पिवळा, कधी निळा कागद. मी अक्षरं त्यावर शिकले. संध्याकाळी माय साड्यांचे लोंबणारे धागे कापत बसायची आणि मी तिला पत्रक मोठ्याने वाचून दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं. पण दोन दिवसांनी तीच मागणी तिच्या तोंडून चालीत ऐकू यायची. आमच्या गल्लीतल्या बायांनी मग गाण्याची पार्टी केली. जयंतीला, गेट मीटिंगला, बारशाला त्या गायच्या. माय पुढे आणि बाकीच्या मागे.

या गाण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. माय पूर्ण ओळ कधीच म्हणत नसे. ती अर्धी ओळ फेकायची आणि उरलेली अर्धी बाया उचलायच्या.

"बारा तासांची पाळी माझी..." माय म्हणायची.

"...तेराव्याला मी माणूस गं!" बाया उत्तर द्यायच्या.

"रंग तुमच्या साडीला गं..."

"...हात कुणाचे जळले गं?"

दुसरी अर्धी ओळसुद्धा मायनेच रचलेली असायची. पण तालमीत ती बायांना एकदा देऊन टाकली की तिने स्वतःच्या तोंडाने ती पुन्हा कधी म्हटली नाही. "ती आते बायासनी," म्हणायची. आता ती बायांची.

आणि बाया एका जागी येणार कशा? एक लूमवर दिवसपाळीला, दुसरी रात्रपाळीला. तिसरीची मिल बंद पडली म्हणून ती नंदुरबारकडे गावी गेलेली. उधन्यात एक स्टुडिओ आहे, लग्नाची गाणी करतो. तिथला माणूस म्हणाला, कोरस आम्ही आमच्या मुलींकडून घेऊ, आवाज जरा सुधारूनही देऊ. मायने हातानेच नको म्हटलं. भाड्याच्या बाया तिला नको होत्या, आणि सुधारलेला आवाज मला नको होता.

म्हणून मल्टीट्रॅक. एकीने आज गायचं, दुसरीने उद्या, तिसरीने गावावरून, आणि फोनने ते आवाज एकावर एक चढवायचे. प्रत्येकीचा आवाज स्वतःच्या ट्रॅकवर सुटा राहतो आणि गाणं मात्र सगळ्यांचं होतं. पाळ्यांनी तोडलेल्या माणसांना जोडणारी ही वस्तू आहे असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. फक्त ती निवडायला माझ्याकडे एक आठवडाही नव्हता. प्रत्येक ॲप करून बघणं म्हणजे मायचा उरलेला घसा खर्च करणं होतं.

पहिलं ॲप देखणं होतं. उघडताच खातं मागितलं, मग एक लांबलचक करार. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, खालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय अंगठा लावत नाही. त्यात लिहिलं होतं की तुम्ही जे चढवाल ते आम्ही जगभर, फुकट, हवं तसं वापरू शकतो.

मी मायला समजावलं. ती धागे कापत म्हणाली, "गाणं मी म्हनसू, आनि सही तो मांगस?"

"हो ना."

"मंग त्यालेच म्हनू दे!"

ते काढून टाकलं.

दुसऱ्याने खातं मागितलं नाही, पण आवाज आपोआप सुरात आणायची खोड त्याला होती. मी मायचं एकच वाक्य त्यात घेतलं आणि ऐकवलं. माय कानातला इअरफोन काढून म्हणाली, "हाई बाई कोन शे?"

तेही गेलं. त्याच्या मागून आलेल्या एकाने रेकॉर्ड सगळं करून घेतलं आणि गाणं बाहेर काढायची वेळ आली तेव्हा कुलूप दाखवलं. महिन्याचे पैसे भरा, मग तुमचा आवाज तुम्हाला देतो. मजूर ठेवून घेऊन पगार अडवणारे मुकादम मी लहानपणापासून ओळखते. फोनमध्ये मुकादम पहिल्यांदा भेटला.

शुक्रवारी मला हवं तसं सापडलं. खातं नाही, करार नाही, नेट लागत नाही, कुलूप नाही. मायच्या आधी मी ते स्वतःवर तपासलं. एक जुनं पत्रक घेऊन सलग वाचलं. शब्दन् शब्द आला, जसाच्या तसा. मी मायला बसवलं.

ती अख्खं गाणं गायली. मान ताणून, मधेमधे पाणी पीत. प्रत्येक अर्ध्या ओळीनंतर ती थांबत होती, डोळे मिटून, ओठ बंद. त्या थांब्यात तिला बाया ऐकू येत होत्या हे मला समोर दिसत होतं. त्यांचा भाग संपला की ती बरोबर पुढची ओळ उचलायची. गाणं संपलं तेव्हा ती भिंतीला टेकली आणि हाताने म्हणाली, लाव.

मी लावलं.

बारा तासांची पाळी माझी रंग तुमच्या साडीला गं वाफेत उभी मी सकाळची...

थांबे गेले होते. सगळे. त्या ॲपला शांतता म्हणजे वाया गेलेली जागा वाटत होती, आणि ती आपोआप कापून टाकायची सोय त्यात आधीच चालू केलेली होती. पत्रक वाचताना मला ते कळलंच नव्हतं, कारण पत्रक वाचताना मी थांबत नाही. आता गाण्यात बायांना शिरायला सुईएवढी फट उरली नव्हती. कापलेलं परत कसं आणायचं ते मी वेड्यासारखं शोधलं. परत येत नव्हतं. एकटी माय अर्ध्यामागून अर्धी ओळ बोलत सुटली होती, कुणाचं उत्तर न ऐकता, भाषण करणाऱ्या पुढाऱ्यासारखी.

मायने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुन्हा फोननी बायासले बोलूच दिधं नही."

त्यानंतर तिचा आवाज जवळजवळ गेलाच. शनिवारी सकाळी तिने चहा मागितला तो मला ओठांवरून समजून घ्यावा लागला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून ओरडले. राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. डाइंगवाल्यावर? बारीक अक्षरं लिहिणाऱ्यावर? शांतता म्हणजे कचरा असं ज्याने कुठल्याशा गार खोलीत बसून ठरवलं, त्याच्यावर?

गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथल्या भाईला एकामागून एक विचारत सुटले. हे शांतता कापतं का? आवाज बदलतं का? गाणं कुणाच्या मालकीचं होतं?

तो स्क्रू फिरवता फिरवता गुजरातीत म्हणाला, "बेन, गीत रेकॉर्ड करवुं छे के केस लडवो छे?"

"दोन्ही," मी म्हणाले.

तो हसला. मग त्याने एक करड्या रंगाचं, कुरूप ॲप काढून दिलं. चार ट्रॅक, एक लाल बटण, बाकी काही नाही. या वेळी मी पत्रक वाचलं नाही. लाल बटण दाबलं आणि दुकानाच्या ओट्यावर गप्प उभी राहिले. मग ऐकलं. रिक्षाचा हॉर्न, मागच्या शेडमधल्या लूमची खडखड, भाईचं खाकरणं आणि मधली सगळी रिकामी जागा, जशीच्या तशी. आयुष्यात मी दुसरं कुठलं रेकॉर्डिंग इतक्या आनंदाने ऐकलेलं नाही.

रविवारी दुपारी धागे कापायला आलेल्या साड्यांचे गठ्ठे मी चारही भिंतींना लावले, म्हणजे आवाज घुमणार नाही. पंखा बंद केला. डॉक्टरांनी घशाला आराम द्या म्हटलंय, अशी बाबांनी दारातून आठवण केली. मायने त्यांच्याकडे पाहिलं आणि उरलेल्या आवाजात म्हणाली, "जे सोमवारे फेकनंच शे, ते कसाले जपू?"

बाबा बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

मायने स्टीलची थाळी उपडी घेतली आणि हातात धागे कापायची कात्री. आता थांबा मोकळा सोडायला ती तयार नव्हती, तिचा फोनवरचा भरवसा उडाला होता. जिथे बायांनी गायचं तिथे ती कात्रीच्या दांड्याने थाळीवर ताल धरणार होती. मी लाल बटण दाबलं.

तो आवाज कसा होता हे मी गोड करून सांगणार नाही. फाटका होता. "वाफेत" म्हणताना त्यातून नुसती हवा आली. एका ओळीला ती थांबली, खोकली, आणि तिने पुन्हा तिथूनच उचललं. मी काही कापलं नाही. तिची अर्धी ओळ, मग टक टक टक टक, मग पुढची अर्धी ओळ. शेवटी नेहमीचं गाणं संपलं, मी बटणाकडे हात नेला, तर तिने डोळ्यांनी दटावलं. आणि एक ओळ म्हटली जी मी कधी ऐकली नव्हती.

"माझी पाळी संपली बायांनो..."

टक टक टक टक.

थाळी थांबली. तिने कात्री खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

सोमवारी ऑपरेशन झालं.

त्यानंतर मी बायांमागे फिरले. शेजारची मावशी आयुष्यभर लूमच्या खडखडाटात राबलेली, तिचं बोलणंच ओरडून. कानात इअरफोन घातल्याबरोबर ती अशी ओरडली की गल्लीतली तीन दारं उघडली.

"मावशी, हळू!"

"काय?"

"हळू म्हणा! फोन फाटतोय!"

"मंग मजबूत फोन ले ना! तुन्ही मायना आवाज कानमा शे, मी काय कानमा बोलू?"

मग तिने इअरफोन कानाशी दाबून धरला. कानात माय अर्धी ओळ म्हणून थांबली होती आणि थाळी वाजत होती. मावशीचा चेहरा वाकडा झाला. पण तिने ताल सोडला नाही. "...तेराव्याला मी माणूस गं," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर डोळ्यांना पदर लावला. फोन फाटू नये म्हणून शेवटी मी तो साड्यांच्या गठ्ठ्यात पुरला. रात्रपाळीच्या बाईने तिचा भाग मिलच्या गेटबाहेर गायला. मागे बॉयलर ऐकू येतो. तो मी ठेवला. गावी गेलेलीचा नंबर बंद आहे. तिचा ट्रॅक अजून मोकळा आहे.

आणि शेवटची ओळ. मी सगळ्यांना विचारलं. ती कुणालाच माहीत नव्हती, तालमीत मायने ती कुणाला दिलीच नव्हती.

मी वॉर्डात गेले. मायच्या गळ्याला नळी होती. मी म्हणाले, "माय, शेवटच्या ओळीचा दुसरा अर्धा भाग काय? ओठ हलव, मी ओळखेन." तिने ओठ हलवले नाहीत. मी म्हटलं, बरं, मी रचते, मी म्हणते. तिने जोरात हात हलवून नको म्हटलं. मी हट्टाने पुन्हा विचारलं. तेव्हा तिने पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोटाच्या पेराने ताल धरला, टक टक टक टक, आणि दुसऱ्या हाताने वॉर्डकडे दाखवलं. रांगेने पडलेल्या बाया, त्यांच्याजवळ बसलेल्या बाया, दारातून आत येणाऱ्या बाया. मग खिडकीकडे, बाहेर.

मी बराच वेळ रडले. तिने या वेळी का रडतेस विचारलं नाही. विचारू शकत नव्हती.

ती आता घरी आहे. घशाच्या भोकावर ओला रुमाल बांधून धागे कापते. मला हाक मारायची असली की थाळी वाजवते. गाणं माझ्या फोनमध्ये आहे, सुटं, कुणाच्या कराराविना. रोज संध्याकाळी ती ते लावायला लावते आणि शेवटच्या ओळीनंतरचा ताल संपेपर्यंत माझ्याकडे बघते, आज तरी कुणी उचललं का म्हणून.

म्हणून हे पत्रक समजा आणि मागणी एकच समजा. ही ओळ मनात वाचून पुढे जाऊ नका. मोठ्याने म्हणा, आणि पुढची अर्धी तुमच्या भाषेत, तुमच्या कामाची, तुम्ही रचा. मग ती शेजारणीला द्या. फोन असेल तर रेकॉर्ड करा, पण आधी तो शांतता कापत नाही एवढं तपासून घ्या.

माझी पाळी संपली बायांनो...