चाचीच्या घरची फोडणी

सुनेनं आज वरणाला लसणाची फोडणी दिली, आणि मी थेट निजामाच्या राज्यातल्या मुरुमला पोचलो.

धाकटी बहीण पंधरा दिवसांची होती. माझ्या कांजिण्या तिला लागल्या. मीच तिचा मुका घेतला होता. इवल्याशा अंगभर पाण्याचे फोड. वासानं देवी कोपते म्हणून आईनं फोडणी बंद केली. शेजारच्या चाचीनंही केली.

आई म्हणाली, "तुमच्याकडं जावई आलेत की!"

"पहले बच्ची बरी होऊ दे. जावई खातील उकडलेलं."

खपल्या पडल्या, बहिणीला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, तेव्हा आई भिंतीपाशी जाऊन ओरडली, "चाची, घाला आता फोडणी!" पलीकडं तेल चरचरलं.

लोकांना या वासानं भूक लागते. मला अजून आधी हायसं वाटतं.