भिंतीवरचा वैमानिक

चेन्नईत वेलचेरीला आमच्या वरच्या मजल्यावर विमानदुरुस्तीतून निवृत्त झालेले एक तंजावरी मराठी गृहस्थ राहतात. विमानाचा आवाज आला की वाक्य अर्धवट सोडून ते गॅलरीत जातात. एकट्याने महासागर ओलांडणाऱ्या एका गोऱ्या वैमानिकाचा फोटो त्यांच्या भिंतीवर असायचा. त्याच्या वेडानेच ते या पेशात आले. मग कॉलेजातल्या नातीने त्यांना वाचून दाखवलं, की हाच माणूस एका हुकूमशहाचं कौतुक करायचा, गोऱ्यांचा वंश शुद्ध राहावा म्हणून भाषणं द्यायचा.

तेव्हापासून तो फोटो घरभर फिरतोय. कधी फ्रिजवर, कधी कपाटामागे, पुन्हा भिंतीवर.

"काढून टाका ना," मी एकदा म्हणालो.

"काढलों हो. झोप आली नाही. परत लावलों, तरी आली नाही."

पोंगलला त्यांच्याकडे पाहुणे जमले होते. एकाने फोटो पाहून त्या धाडसाचं कौतुक केलं. आजोबा खुर्चीतून उठले.

"धाडस खरंच. पण आपल्यासारख्या काळ्या माणसाला त्यानं शेजारी बसवलं नसतं. दोन्ही ऐका, मग कॉफी घ्या."

दारात उभी असलेली नात आत गेली आणि सगळ्यांच्या आधी आजोबांची कॉफी घेऊन आली.