बायांनी पळायचं नसतं

रहेमतबीला हजला जायचं होतं ते पळायला. हसू नका, खरं सांगायलेय.

बोरीत तिचं अन् माझं अंगण लागून. तीस-बत्तीस वर्षांखाली तिच्या दीड वर्षाच्या आस्माला जुलाब लागले. पोरगी दुपारपर्यंत पार सुकली. नवरा, उस्मान टेलर, दुकानात. बाजारचा दिवस, त्यात लग्नसराई. लूना घेऊन या म्हणून निरोप धाडला, तर म्हणला, गिऱ्हाईक बसलंय, येतो. गावचा डॉक्टर नेमका लग्नाला गेलेला. मग ही बाई पोरगी छातीशी धरून डॉक्टरच्या दारातून जीपच्या अड्ड्यावर, अड्ड्यावरून परत दारात. किती खेपा पळाली, देव जाणे. मी तिच्या मागं. जीप मिळाली, पण पोरगी जिंतूरच्या वाटंवरच गेली.

त्यावरून ती नवऱ्याला एका शब्दानं बोलली न्हाई. मी असते तर मशीन उचलून रस्त्यावर फेकली असती.

पुढं तिनं कुठंतरी हाजरा बीबीची गोष्ट ऐकली. तान्ह्या लेकराला पाणी मिळावं म्हणून सफा अन् मरवा या दोन टेकड्यांमधी ती माय सात खेपा धावली. तिच्या आठवणीनं हाजी लोक आजबी तिथं तशाच सात खेपा करतात. रहेमतबी मला म्हणली, "सरजा, मरायच्या आधी मला एकदा तिथं पळायचंय."

यंदा हजच्या सोडतीत नवरा-बायको दोघांचा नंबर लागला. गुडघे धरलेले, तरी चार महिने रोज सकाळी चालायची, वरून तेल चोळून घ्यायची माझ्याकडून.

तिथं, तिनंच मला सांगितलं, त्या दोन टेकड्यांच्या मधी हिरव्या दिव्यांची जागा आली. पळतात ते तेवढ्याच टप्प्यात. हिनं बुरखा सावरून पाऊल उचललं, तर उस्माननं दंड धरला. बायांनी पळायचं नसतं, म्हणला, ते गड्यांचं काम. अन् स्वतः पळाला. साती खेपा. ही भिंतीच्या कडंनं चालत राहिली. रीत तशीच हाय म्हणतात, त्यांच्या धर्मात मी कशाला तोंड घालू? पण त्या माणसानं तिचा दंड धरावा, याचा मला लय राग आला.

आल्यावर घरभर माणसं जमली. उस्मान, आता हाजीसाब, गादीवर बसून सांगायलेत, अन् डोळ्याला पाणी. म्हणले, पळताना हाजरा बीबीची तगमग काळजात उतरली. रहेमतबी समद्यांना मक्केहून आणलेलं जमजमच्या विहिरीचं पाणी द्यायली होती. ती थांबली. आवाज चढवला न्हाई.

"तिथं सात पळालात. आस्मासाठी एक खेप पुरली असती."

मग कुणीतरी म्हणलं, तिथलं ऊन बाधलंय बाईला, आत नेऊन निजवा. हाजीसाबांनी मान डोलावली.