शेवटच्या कडव्यातलं नाव

रॉक संगीतातला सगळ्यांत मोठा गीतकार कोण, या वादात एकेकाळी आमच्या घरी जेवणं थंड व्हायची. घर पुसदचं, वस्ती बौद्धांची. बाबा जिनिंगमध्ये काट्यावर कापसाचं वजन करायचे आणि इंग्रजीशी त्यांचा संबंध काट्यावरच्या आकड्यांपुरता. तरी या वादात ते माघार घेत नसत. हल्ली कुणी मोबाईलवर जगातल्या थोर गीतकारांची यादी दाखवली की माझं डोकं फिरतं. ज्यांनी जन्मात चार ओळी चालीत बसवल्या नाहीत, ते नंबर वाटत बसतात. बाबांनी निदान पंचवीस वर्षं गाणी रचली होती.

आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, बेंजो, दोन कोरसवाले आणि मुख्य गायक म्हणून एक गवंडीकाका. त्यांचा आवाज असा की वीज गेली तरी मागच्या रांगेला फरक पडायचा नाही. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या लग्नात पार्टी गायची आणि बहुतेक गाणी बाबांची असायची. आमच्याकडे गाणं कुणाचं ते कागदावर बघत नाहीत, शेवटच्या कडव्यात ऐकतात. गीतकार तिथं आपलं नाव गुंफतो, गायक ते नाव जरा लांबवून घेतो आणि ओळखीची माणसं माना डोलावतात.

मी अकरावीत असताना विहारात वाचनालय निघालं. त्यावर मी एक गाणं लिहिलं आणि बाबांना दाखवलं. त्यांनी दोन ओळी हलवल्या, गवंडीकाकांकडे दिलं. जयंतीला ते असं रंगलं की लोकांनी दोनदा म्हणायला लावलं. मी बायकांच्या बाजूला उभी राहून शेवटच्या कडव्याची वाट बघत होते. ते आलं, आणि त्यात नाव आलं बाबांचं.

घरी येऊन मी विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

"अवो, घरचंच तं हाय. तुह्यं काय अन् माह्यं काय?"

त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त चिडचिड झाली. पंधरा दिवस मी त्यांच्याशी वाढण्यापुरतंच बोलले. मला साडी नको होती, सायकल नको होती. त्या कडव्यात माझ्या नावाची तीन अक्षरं हवी होती. त्यानंतर मी गाणी लिहीत राहिले, पण वही धान्याच्या कोठीमागे ठेवू लागले.

पुढं कापसाचे दिवस फिरले. भाव पडले, अळी पडली, लोक सोयाबीनकडे वळले. जिनिंग पूर्वी उन्हाळ्यापर्यंत चालायचं, ते आता होळीच्या आधीच थंड व्हायला लागलं. काट्यावर फडकं टाकून बाबा घरी बसत. माणूस घरी बसला की सगळ्यांत जास्त हाल त्याच्या घरच्यांचे होतात. आई वेचणीला, निंदणीला निघून जायची, मी कॉलेजातून येईपर्यंत बाबांनी भांड्यांची मांडणी तीनदा बदललेली असायची.

बसस्टँडमागे टेप-रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते, बाबांचे जुने दोस्त. पार्टीचा माईक त्यांच्याच हातानं जिवंत राहायचा. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरची सासुरवाडी पुसदची होती. त्यानं चाचांकडे एक टेप आणि पुठ्ठ्याचं खोकंभर कॅसेटी टाकल्या होत्या. त्याचा कारखाना बंद पडला, तो गाव सोडून गेला, टेप न्यायला आलाच नाही. चाचांनी दोन वर्षं वाट बघितली आणि एक दिवस मला हाक मारली.

"बेटी, अंग्रेजी गाने हैं. तू बीए में अंग्रेजी पढ़ रही ना? ले जा. मेरे पास तो धूल खा रहे."

कॅसेटी कुठून कुठून भरून घेतलेल्या होत्या. कव्हर नाही, नाव नाही, नुसते निळ्या शाईतले आकडे. त्यामुळे आमच्या घरात त्या थोर लोकांना नंबर पडले. तीन नंबर हा नाकात गाणारा, तोंडानं बाजा वाजवणारा आणि एका गाण्यात दहा-दहा कडवी ओतणारा. आठ नंबर ही जोडी होती, गोड गळ्याची, शब्द इतके सोपे की मला डिक्शनरी लागायची नाही. अकरा नंबरचा घसा बसलेला. त्याच्या गाण्यात कारखान्याचं फाटक, रिकामे रस्ते आणि गावातून निघून जायची घाई. आणि पाच नंबर हळू गाणारा, जणू बाजूला कुणी झोपलेलं आहे.

रविवारी सकाळी मी एकेक ओळ लावायची, टेप थांबवायची, अर्थ सांगायची. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. सुरुवातीला तीन नंबरवर ते पोट धरून हसले. "याले सर्दी झाली का वं?" पण अर्थ कळत गेला तसे ते सरळ बसले. ते गाण्याकडे कारागीर म्हणून बघायचे. धृपद दुसऱ्यांदा येईल तेव्हा मागच्या माणसाला म्हणता आलं पाहिजे. प्रत्येक कडव्यानं नवी बातमी आणली पाहिजे. या दोन कसोट्यांवर त्यांनी इंग्रजांची आणि अमेरिकनांची बिनपाण्यानं केली. आठ नंबरच्या जोडीला धृपदात पैकीच्या पैकी, "पन कडवे सपक. तेच थे सांगून राह्यले." अकरा नंबरचं कारखान्यावरचं गाणं ऐकल्यावर त्यांनी स्वतःच टेपचं बटण दाबलं. मग म्हणाले, "थ्याच्या बी गावात काटा बंद पडला वाट्टे." तीन नंबर हा शाहीर, यात शंका नाही, पण कुठं थांबावं ते त्याला कळत नाही.

मी तीन नंबरच्या बाजूनं होते. मी म्हणायची, ज्याला इतकं सांगायचंय त्यानं का थांबावं? बाबा म्हणायचे, ऐकणाऱ्याले बी घरी जायचं अस्ते. आई ताट सरकवत म्हणायची, त्या लोकायले तरी माहीत हाय का, तुम्ही त्यायच्यासाठी भांडून राह्यले म्हणून?

एक तक्रार मात्र बाबांची सगळ्यांवर होती. "नाव काहून नाही टाकत हे? उद्या कोनी चोरलं तं?" असं ते म्हणाले की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि मी भांडी घासायला उठून जायची.

मग एका रविवारी पाच नंबरचं एक गाणं लागलं. एक माणूस बऱ्याच दिवसांनी घराशी येतो. दोरीवरचे कपडे बघतो, खिडकीत पालथा घातलेला कप बघतो, कानतुटका. उंबऱ्याजवळचा झाडू उभा आहे की आडवा, तेही त्याला दिसतं. शेवटच्या कडव्यात तो एका बाईचं नाव घेतो, लांबवून, दोनदा. बाबांनी खाडकन डोळे उघडले. वस्तीत लस टोचायला यायची त्या ख्रिश्चन नर्सबाईचं तेच नाव होतं, त्यामुळे त्यांना ते लख्ख कळलं.

"नाव टाकलं! बाई हाय हे!"

"बाबा, आवाज तर पुरुषाचा आहे."

"आवाजाचं काय घेऊन बसली? आपल्या पार्टीत लिवतो म्या अन् गाते थो गवंडी. तसंच हाय हे. कपबशी, झाडू, वायत घातलेले कपडे, मानसाले दिसते का एवढं? बाईनंच लिवलं."

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला फक्त हसू येत होतं. पण बाबांनी ते गाणं पुन्हा लावायला लावलं, पुन्हा लावायला लावलं, आणि संध्याकाळी निकाल दिला. धृपद चोख, कडव्याकडव्याला नवी बातमी, वर शेवटी हक्कानं नाव. सगळ्या खोक्यात ही बाई एक नंबर. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते काही फार सरळ नव्हतं. बाई एक नंबर असेल तर असू दे, असं मी ठरवलं.

त्या वर्षी वर्गणीच जमली नाही. जयंतीला दरसाल महागावची पार्टी यायची, दोन पार्ट्यांचा सामना व्हायचा. त्यांना बोलावणं झेपणार नव्हतं. म्हणजे सगळा कार्यक्रम आमच्याच पार्टीनं ओढायचा, आणि त्यासाठी नवी गाणी हवीत. बाबा आठवडाभर वहीसमोर बसले. मग मला म्हणाले, "तुह्यापाशी हाय का काही? थ्या बाईसारखं, बारीक पायलेलं?"

मी कोठीमागची वही आणली. आईच्या हातांवर एक गाणं होतं. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुततात, आणि घरी येऊन ती त्याच हातांनी तिखटमिठाचं कालवते, तरी हाय करत नाही, एवढंच होतं त्यात. शेवटच्या कडव्यात नावाची जागा मी मोकळी ठेवली होती. बाबांनी ते दोनदा वाचलं. खिशातला पेन काढला आणि त्या जागेत माझं नाव लिहिलं. मी पाणी आणायचं निमित्त करून मागच्या दारी गेले आणि रडले.

गवंडीकाका मात्र अडून बसले.

"दादा, पोट्टीचं नाव कसं घेऊ म्या? लोक म्हंतीन, बुढ्याची लेखनी सुकली."

"म्हनू दे. अरे, विलायतेत सगळ्यात मोठं कोन लिवते मालूम हाय का तुले? बाई. अन् तिचं गानं गडी गाते, नाव घेऊन गाते. थ्याले लाज नाही वाटत, तं तुले काहून वाटते?"

विलायतेपुढे गवंडीकाकांचं चाललं नाही. जयंतीला त्यांनी ते गाणं गायलं आणि माझं नाव असं लांबवलं की मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. आईनं पदर तोंडाला लावला. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या पूर्ण दिवसांपैकी आहे.

दोन दिवसांनी सकाळी बाबा पोस्टातून आले. हातात परदेशी जाणारं निळं पत्र होतं.

"तिले लिव," ते म्हणाले. "इंग्रजीत. सांग का तुह्यं गानं आमी ऐकलं. अन् पुसदले माही एक पोट्टी हाय, थे बी तुह्यासारखंच लिवते. पत्ता चाचा शोधून देतो म्हने."

त्यांनी ते पत्र माझ्यापुढे सपाट करून ठेवलं, कोपरे बोटांनी दाबले. गवंडीकाकांना विलायतेची थाप पचली होती, मलाही पचली होती. पण ते निळं पत्र मला पचेना. मी सांगून टाकलं. बाई नाही, तो पुरुषच आहे. गाणं त्याचंच असणार. इंग्रजीत शेवटी आपलं नाव टाकायची पद्धत नाही. ते नाव तो जिच्या दाराशी उभा आहे तिचं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला वाटलं ते ओरडतील. चारचौघांत त्यांनी त्या बाईची शपथ घेतली होती. ते ओरडले नाहीत. पत्राची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि विचारलं,

"मंग थ्याचं सोताचं नाव कुठी हाय?"

"कुठेच नाही, बाबा."

"एवढं चांगलं गानं लिवलं, अन् थ्यात तिचं नाव घातलं?"

"हो."

ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"अन् म्या तुह्या गान्यात माह्यं घातलं," ते म्हणाले.

मी काहीतरी म्हणाले, जाऊ द्या, घरचंच तर आहे, असलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग पार्टीची जुनी वही काढली, वाचनालयाचं गाणं शोधलं, आपल्या नावावर एक रेघ मारली आणि वर माझं लिहिलं. त्यांचं नाव चार अक्षरी, माझं तीन, त्यामुळे चालीत एक अक्षर कमी पडत होतं. तिथं त्यांनी 'ती' घातलं आणि बोटांनी मांडीवर ठेका धरून दोनदा म्हणून बघितलं.

वही बदलली तरी गवंडीकाकांची जीभ बदलली नाही. पाच वर्षांची सवय. गाणं रंगात आलं की शेवटी त्यांच्या तोंडून बाबांचंच नाव निघायचं. तेव्हा बाबा पहिल्या रांगेत उभे राहायचे आणि पेटी-ढोलकीच्या वर आवाज चढवून माझं नाव ओरडायचे. दर जयंतीला, ते असेपर्यंत. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, हा म्हातारा गर्दीत आपल्या मुलीला हाक मारतोय. पहिल्या वर्षी तर मलाही तसंच वाटलं आणि मी बायकांच्या बाजूनं जोरात ओ दिली.